पेन्सिलींचा सराव

लेकीचा पहिला पगार झाला आणि तिने घरात जाहीर केलं, "शनिवारी रात्री थाई खायला जायचंय. सगळ्यांनी. आजीसुद्धा." जागा म्हणजे विमानतळाच्या बाजूचं एक बडं हॉटेल. तिथे मी आयुष्यात एकदाच गेलो होतो, ऑफिसच्या सेमिनारला, तेही गळ्यात पट्टा अडकवून.

या घरात परदेशी जेवणाचा अनुभव फक्त मला आहे, असं माझं मत होतं. अनुभव म्हणजे हक्का नूडल्स. त्यामुळे चारचौघांत घराण्याची अब्रू राखायची जबाबदारी आपोआप माझ्यावर आली. सोमवारी रात्री जेवणं आटोपल्यावर मी कंपासपेटीतून लाल-काळ्या पट्ट्यांच्या दोन पेन्सिली काढल्या, दोन वाट्या घेतल्या, एकीत शेंगदाणे ओतले आणि मोबाइलवर एका जपानी बाईंचा काड्यांनी जेवायला शिकवणारा व्हिडिओ लावून बसलो. बाई जपानी असून मी थाई जेवणाची तयारी करत होतो, हे तेव्हा खटकायला हवं होतं.

पहिल्या रात्री पाऊण तासात तीन शेंगदाणे इकडून तिकडे गेले. चौथा फ्रिजखाली गेला, तो अजून तिथेच असावा. बुधवारी मी एकोणीसपर्यंत पोचलो. गुरुवारी हात इतका बसला की साबुदाणा घ्यावा असं वाटायला लागलं. "संकष्टीची खिचडी पण अशीच खाणार का?" असं विचारून बायको झोपायला गेली. आई मात्र सोफ्यावरून चार दिवस गंभीरपणे बघत होती. शेवटी तिने नातीला जवळ बोलावून हळूच विचारलं, "ह्याका काय झालां गो? आमच्या बाबल्याक अर्धांग झाल्लो, तेवा डॉक्टरान त्येका असांच करूक सांगितल्यान."

आई मूळची कुडाळजवळची. वर्षातले सहा महिने पुण्यात आमच्याकडे असते, पण बोलणं बारा महिने मालवणीच. मी तिला दोनच सूचना दिल्या होत्या. तिथे मोठ्याने बोलायचं नाही आणि हाताने जेवायचं नाही. तिने दोन्हींना मान डोलावली. आईने मान डोलावली म्हणजे तिला ऐकू आलंय, इतकाच त्याचा अर्थ असतो.

शनिवारी रिक्षाने गेलो. फाटकावरच्या रखवालदाराने काठीला लावलेला आरसा रिक्षाखालून फिरवला. "खाली काय पडलां?" म्हणून आई वाकून बघायला लागली. रिक्षा पोर्चपर्यंत न्यायची नाही, असा तिथला नियम. मग आईचे गुडघे सांभाळत तो चढ आम्ही पायी चढलो, आणि शेजारून एकेक लांबलचक गाडी सळसळत वर जात राहिली.

दारात रेशमी कपड्यातली मुलगी उभी होती. तिने हात जोडले आणि गोड आवाजात म्हणाली, "सवादी खाऽ."

"आत्ताच?" आई म्हणाली. "बसाक तरी दी गो!"

लेकीने घाईघाईने समजावलं की सवादी म्हणजे नमस्कार, आणि तो 'खा' बायकांनी बोलताना आदराने शेवटी लावायचा असतो. हे सवादी म्हणजे मूळचं आपलं संस्कृत स्वस्ति, मंगलाष्टकाच्या सुरुवातीला गुरुजी म्हणतात तेच. थायलंडच्या सरकारने १९४३ साली ते अधिकृत अभिवादन म्हणून ठरवून टाकलं. ही माहिती मीही मोबाइलवर वाचून गेलो होतो. सांगायची संधी मात्र लेकीने घेतली.

टेबलाशी बसलो. प्रत्येकापुढे उजवीकडे चमचा, डावीकडे काटा. सुरी नाही आणि काड्याही नाहीत. विसरले असतील, असं समजून मी बोट वर केलं आणि ठेवणीतल्या इंग्रजीत काड्या मागवल्या. वाढणारा मुलगा पंचविशीचा, काळ्या कोटातला. तो अदबीने झुकला आणि माझ्यापेक्षा बऱ्या इंग्रजीत म्हणाला, "जरूर आणतो, सर. फक्त थाई लोक भात-रस्सा चमच्यानेच जेवतात. काट्याने चमच्यावर ढकलायचं, काटा तोंडात घालायचा नाही. काड्या नूडल्सच्या वाडग्यापुरत्या."

भूगोलाचा अभ्यास करून गेलो आणि हातात बीजगणिताचा पेपर पडला. बायकोने तेवढ्यात मेन्यूकार्ड तोंडापुढे धरलं. त्या पुठ्ठ्यामागे तिचे खांदे हलत होते.

काड्या आल्या, कागदी पाकिटात. मागवल्या म्हणून मी त्या हातात घेतल्या. तिथल्या मोकळ्या, सुवासिक भाताशी त्यांनी काय केलं ते लिहीत नाही. पाण्याचा प्रसंगही लिहीत नाही, अशा हॉटेलात गेलेल्या प्रत्येकावर तो येऊन गेलेला असतो.

आधी तोम यम आलं. कोळंबी घातलेल्या या आंबट-तिखट सुपाला २०२४ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलंय. वारशात काड्याच फार होत्या. गवती चहाचे बोटबोटभर तुकडे, आल्याच्या भावंडासारख्या दिसणाऱ्या मुळाच्या चकत्या, लिंबाची पानं. हे सगळं वासापुरतं असतं, खायचं नसतं. पण वाटीभर सुपाचे सहाशे पंचवीस रुपये लावल्यावर मी काहीही ताटात टाकणाऱ्यातला नाही. गवती चहाचा एक तुकडा मी चार मिनिटं चावला. ऊस चावल्यावर निदान रस तरी निघतो. आईने मात्र एकेक तुकडा चमच्याने उचलून, आमटीतलं आमसूल ठेवावं तसा बशीच्या कडेला ठेवला.

"पातीची चाय!" ती म्हणाली. "ही कोण कढीत घालता?" मग एक घोट घेतला, थोडं थांबली, आणखी एक घेतला. "पन बरां लागता."

त्यानंतर त्या मुलाने मला विचारलं, "सर, ग्रीन करी किती तिखट करू? एक मिरची, दोन, की तीन?" आता हा प्रश्न सिंधुदुर्गातल्या माणसाला विचारायचा नसतो. मी खुर्चीत रेलून तीन बोटं दाखवली. तो म्हणाला, ही मिरची बोटाच्या पेरापेक्षा मोठी नसते, थाई भाषेत तिला फ्रिक खी नू म्हणतात. अर्थ विचारला तेव्हा तो जरा घुटमळला. "उंदराच्या लेंड्या," असं त्याने इंग्रजीत, शक्य तितक्या सभ्य शब्दांत सांगितलं.

मिरची आपल्याकडे काय नि तिकडे काय, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापारातूनच आली. आपण तिला वाळवली, भाजली, खोबऱ्या-धण्यांबरोबर कुटली, मसाल्याच्या बरणीत वर्षभर कोंडून माणसाळवली. त्यांनी ती ताजीच वाटली. पहिल्या घासाला नारळाच्या दुधाचा गोडवा लागला आणि मी बायकोकडे बघून "यात काय आहे?" असं म्हणालोसुद्धा. दुसरा घास खाली उतरायच्या आत उजव्या कानात शिट्टी वाजली. मग कपाळ, मग नाक, मग डोळे. मी पाणी प्यायलो. मिरचीतलं जे झोंबतं ते पाण्यात विरघळत नाही, पाण्याने फक्त पसरतं. तोवर ओठ टाळ्यापर्यंत आणि टाळू घशापर्यंत पसरला होता. चौथ्या उचकीला शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. घराण्याची अब्रू मी मांडीवरच्या कडक इस्त्रीच्या रुमालात शिंकरत होतो.

माझी करी आईने स्वतःकडे ओढून घेतली आणि शांतपणे जेवायला लागली.

तेवढ्यात ढकलगाडी आली. सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर. ती टेबलाशेजारीच करून देतात. भाजक्या मातीचा उंच खल, लाकडी बत्ता. वाढणाऱ्या मुलाने खलात लसूण टाकली, अख्ख्या लाल मिरच्या टाकल्या, चवळीच्या शेंगांचे तुकडे, सुकवलेली बारीक कोळंबी, भाजलेले शेंगदाणे, ताडाचा गूळ, चिंचेचा कोळ, लिंबू, माशांचं खारट पाणी. सुकटीचा वास आला तशी आई खुर्चीत सरळ बसली. त्याने वरून पपईचा लांब कीस घातला आणि दणादणा कुटायला सुरुवात केली.

"रे झिला, कुटू नको," आई म्हणाली. आवाज दोन टेबलांपलीकडे जाण्याइतका. "चेच नुसतां. पानी सुटता."

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला. पाय बायकोचा निघाला.

बत्ता थांबला. काळ्या कोटातल्या त्या पोराने मान वर केली, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आजी, माका ठावक आसा. पन हयच्या लोकांका बारीकच व्हया."

"खयचो रे तू?"

"पिंगुळीचो."

"म्हणजे कुडाळचोच मरे!"

यापुढचं जेवण आमचं राहिलं नाही. ती मुलाखत झाली. कुठली वाडी, बाप काय करतो, आईचं माहेर कुठलं. हॉटेल मॅनेजमेंट केलं गोव्यात, बँकॉकच्या आचाऱ्याच्या हाताखाली दोन वर्षं काढली, चतुर्थीला रजा मिळत नाही. हे शेवटचं ऐकून आईने हॉटेलच्या मालकाला एक शिवी घातली, ती सुदैवाने मालवणीत होती. "गूळ घाल वायच," तिने सांगितलं. त्याने घातला. चव बघितली. "आनी सुकट?" त्याने डावीउजवीकडे बघून आणखी मूठभर घातली. आमच्या टेबलावर शेवटी जे आलं ते थायलंडमध्ये मिळत असेल असं वाटत नाही.

सोबत बांबूच्या झाकणाच्या टोपलीत चिकट भात आला. आईने थेट हात घातला, भाताचा लिंबाएवढा लाडू वळला आणि कोशिंबिरीत बुडवला. मी उचकी आवरत कळवळून म्हणालो, "आई, चमचा!"

"नाय हां," मुलगा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, परत इंग्रजीत, "सर, हा भात तिकडे हातानेच खातात. आजींचं बरोबर आहे."

त्याच सुमारास माझ्याकडून ते घडलं. बशीत उरलेला एक भाजका शेंगदाणा मी काड्यांनी उचलला. न घसरता, न थरथरता, एका झटक्यात, थेट तोंडात. मी वर बघितलं. लेक मोबाइलवर आजीचे आणि त्या मुलाचे फोटो काढत होती. बायको पिंगुळीच्या ठाकरांच्या चित्रकथीबद्दल त्याला विचारत होती. मी आणखी एक उचलला. तोही कोणी पाहिला नाही.

शेवटी आंबा आणि भात आला. दिवस मेचे होते, घरी पेटीत देवगड हापूस पिकत पडला होता आणि बशीतला आंबा कुठला ते आईने वासावरूनच ओळखलं. त्यावर ती जे बोलली त्यावर पिंगुळीकर नुसता हसला.

बिल लेकीने दिलं, पण वाचलं मी. ज्या हॉटेलात साडेसात हजारांवर भाड्याच्या खोल्या असतात तिथल्या जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे वरच्या मजल्यावर कोणी तरी झोपलंय म्हणून आपली पपई महाग. त्याशिवाय दहा टक्के सर्व्हिस चार्ज होता. हा चार्ज परस्पर लावायचा नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच बजावलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलंय. यासाठी माझं भाषण पाठ होतं. शुक्रवारी शेंगदाणे उचलता उचलता केलं होतं. मी घसा साफ केला, खुर्ची मागे सरकवली आणि बघितलं तर आई त्या मुलाच्या मुठीत शंभराची नोट कोंबत होती. "असू दी, खाऊक ठेव," आणि तो काळ्या कोटानिशी वाकून तिच्या पाया पडत होता. आता पिंगुळीच्या पोराशी कलमांनिशी कोण भांडणार? मी बडीशेप मागितली. तिथे बडीशेप नसते.

घरी आल्यावर आईने पदराची गाठ सोडली. आत कागदी रुमालात गुंडाळलेली एक लालभडक, पेराएवढी मिरची होती, ढकलगाडीवरून उचललेली. कधी उचलली, कोणाला विचारून, हे तिने सांगितलं नाही. रात्रभर तिने ती ओट्यावर उघडी ठेवली आणि सकाळी बिया काढून तुळशीशेजारच्या कुंडीत पेरल्या.

रोप आता वीतभर झालंय, पण वाऱ्याने कलतं. आईने आधाराला दोन्ही बाजूंनी त्या हॉटेलातल्या काड्या खोचल्यात आणि सुतळीने बांधल्यात. चांगल्या घट्ट बसल्यात.