चार भिंती नसलेलं कॅबिनेट

दोन्ही बाजूंचे पत्रे नाहीत, वरचं झाकण नाही, समोरची जाळी नाही, आणि किंमत मात्र बऱ्यापैकी काचेच्या कॅबिनेटहून जास्त. अशी वस्तू आपल्याला हवी आहे हे घरात सांगायला मी पगार जमा व्हायची वाट पाहिली. ओपन टेस्ट बेंच म्हणतात तिला, म्हणजे कॉम्प्युटरचे भाग उघड्यावर मांडून तपासायची घडवंची. बायकोने मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "बाकीचं नंतर येणार आहे का?"

आता तिला काय सांगणार? माझ्याकडे कायम कुणाचा ना कुणाचा कॉम्प्युटर आजारपणाला आलेला असतो. मेहुण्याचा चालूच होत नाही, सोसायटीच्या सेक्रेटरींचा ऐन हिशेबात निळा पडतो. दोष रॅममध्ये आहे, ग्राफिक्स कार्डात आहे की पॉवर सप्लायमध्ये, हे एकेक भाग काढून-घालूनच कळतं. बंद कॅबिनेटात हे करायचं म्हणजे जमिनीवर उकिडवं बसून तोंडात टॉर्च धरायचा. हल्लीची ग्राफिक्स कार्डं अंगाने इतकी भरलेली, की ज्या खिट्टीने ती स्लॉटमध्ये अडकतात ती खिट्टीच त्यांच्या पोटाखाली जाते. तिथे बोट पोचत नाही. मग प्लास्टिकची पट्टी घालून अंदाजाने दाबायचं आणि 'कट्' असा आवाज आला, की तो खिट्टीचा की बोर्डाचा, या विचारात जरा वेळ बसून राहायचं.

सगळ्यात जुना टेस्ट बेंच तसा फुकट मिळतो. मदरबोर्डचा, म्हणजे बाकीचे सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डाचा, खोका. त्यावर बोर्ड आडवा ठेवायचा आणि कामाला लागायचं. (खोक्यावरच, बोर्ड ज्यात गुंडाळून येतो त्या चंदेरी पिशवीवर नाही. पिशवीच्या बाहेरच्या थरातून वीज वाहू शकते, चालू बोर्डाखाली ती नको.) माझे जपलेले सगळे खोके दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेले. त्यांचे बावीस रुपये आले आणि ते माझ्या हातावर अगदी चोख ठेवण्यात आले. खरेदीची गरज तिथून सुरू झाली.

पाहायला लागलो तर या नसलेल्या भिंतींचेही नाना प्रकार. स्ट्रीकॉमचा बीसी-१ म्हणजे ॲल्युमिनियमची सुटसुटीत पाटी. पाय, खांब सगळं हाताने लागतं, हाताने निघतं, आवरून कपाटात उभी ठेवता येते. थर्मलटेकचा कोअर पी-३ आडवा ठेवा, उभा ठेवा, नाहीतर भिंतीवर टांगा. कूलर मास्टरचा मास्टरफ्रेम ७०० वाटलं तर शोकेस, वाटलं तर पंख पसरून बेंच. अँटेकने तर २००८ सालीच स्केलेटन नावाचा सांगाडा काढला होता आणि वर २५० मिलीमीटरचा पंखा बसवला होता. नाव ठेवणारा माणूस प्रामाणिक असावा. शिवाय ॲक्रिलिकचे स्वस्त मजली बेंच मिळतात, पण स्क्रू जरा जास्त पिळला की त्यांना भोकापाशी तडा जातो आणि मग प्रत्येक स्क्रू जीव मुठीत धरून फिरवावा लागतो.

प्रत्यक्ष हात लावून पाहावं म्हणून डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरून मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर गेलो. या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे हे फक्त रस्त्यावरच्या पाटीलाच ठाऊक. दुकानात तिन्ही बाजूंनी काच आणि आत सात रंगांचे पंखे अशी कॅबिनेटं छतापर्यंत रचलेली. मी 'ओपन' म्हटल्यावर दुकानदाराने एक शांतपणे खाली उतरवलं, दोन स्क्रू सोडले, बाजूचा पत्रा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हो गया ओपन, साहब. ये घर में रख देना."

त्या पत्र्यासकट मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. या युक्तिवादाला आजही माझ्याकडे धड उत्तर नाही. खिट्टी, उंची, चारही बाजूंनी हात जाणं, हे सगळं मी सांगितलं. त्याने ऐकूनही घेतलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

उघडा कॉम्प्युटर जास्त थंड राहतो, हा एक मोठा समज आहे. मी तो घरात बराच वापरलाही. प्रत्यक्षात प्रोसेसरला पाण्याचा कूलर लावला, की त्याचे पंखे पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरबरोबर लांब जाऊन बसतात आणि प्रोसेसरला वीज पुरवणारे बोर्डावरचे भाग वाऱ्याविना तापत राहतात. कॅबिनेटात निदान पुढून आत आणि मागून बाहेर असा वारा वाहता असतो. म्हणजे मोकळ्या हवेतल्या कॉम्प्युटरला वारा घालायला वेगळा १२० मिलीमीटरचा पंखा हवा आणि तो अडकवायला वेगळा दांडा. हा खर्च मी बायकोला अजून सांगितलेला नाही.

दुसरी गोष्ट बटणाची. बऱ्याच साध्या बेंचना चालू करायचं बटणच नसतं. बोर्डावर पॉवर स्विचच्या दोन पिना असतात, त्यांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की कॉम्प्युटर सुरू. मला यात काही वावगं वाटत नाही. पण मेहुण्याचा बोर्ड टेबलावर असा उघडा चालू असताना कन्येने पाहिलं, आणि आता ती शाळेच्या प्रोजेक्टची प्रिंट काढायची असली की आधी हत्यारांची पेटी उघडते. शेजारच्या काकांना ती सांगताना मी ऐकलं, "आमचा बाबा कॉम्प्युटर पान्याने चालू करतो."

आईचे आक्षेप जास्त मूलभूत होते. पावसाळ्यात दिव्यावर पाखरं येतात, पाखरांमागे पाल येते, आणि तू तर त्याला दिवेच दिवे लावून ठेवणार. एवढं बोलून तिने स्वयंपाकघरातून ताटं झाकायची जाळी आणून टेबलावर ठेवली. माप बरोबर बसत होतं, हे विशेष. मग खंडेनवमीचा विषय निघाला. आजवर कॅबिनेटच्या माथ्यावर हळदकुंकू लागायचं, अक्षता पडायच्या, झेंडूचं फूल टेकायचं. आता माथाच नाही. अक्षता थेट ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यात. "मग पूजा नेमकी कशाची करायची ते तरी दाखव," आई म्हणाली. मी पॉवर सप्लायकडे बोट दाखवलं. या सगळ्या प्रकारात पत्र्याचं अंग असलेला तो एकटाच.

शेवटी ठरवलं, विकत नकोच, बनवून घेऊ. स्टेशनजवळ खिडक्या करणारा ॲल्युमिनियमवाला आहे, त्याला घरी बोलावलं. एटीएक्स, म्हणजे नेहमीच्या मोठ्या मापाचा मदरबोर्ड, ३०५ बाय २४४ मिलीमीटर, असं मी कागदावर लिहून ठेवलं होतं. त्याने कागद बाजूला सारला, बोर्डावर टेप धरला आणि म्हणाला, "बारा इंच बाय नऊ इंच पाच सूत." मापाच्या बाबतीत या माणसावर माझा तिथेच विश्वास बसला. स्क्रूच्या नऊ भोकांखाली नऊ ठोकळे, दहावा कुठेही नको, नाहीतर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होईल, हेही त्याने एका दमात समजून घेतलं. खाली पॉवर सप्लाय, वर बोर्ड, मागे कार्डाला धरायला पट्टी. कानामागची पेन्सिल काढून तो चित्र काढू लागला.

आधी चार खांब आले. खांब हलू नयेत म्हणून वरून चौकट आली. चौकट आलीच आहे तर धूळ नको म्हणून मागे पत्रा. "बाजूला जाळी लावतो, डास जाणार नाहीत," तो म्हणाला. बायकोने चहा ठेवता ठेवता कागदाकडे पाहिलं आणि समोरून काच असली तर बरं दिसेल असं सुचवलं. त्याने काच काढली. मी, आपल्याला उघडंच हवं आहे, असं काहीतरी म्हणत होतो.

"उघडणारच की साहेब," तो म्हणाला. "स्लायडिंग करू की ओपनेबल?"

"स्लायडिंग नको," आतून आईचा आवाज आला, "रुळात कचरा साचतो."