बिल्टीवरचे शब्द आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे अर्थ

महिन्याभरात हा एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. 'माल पाठवणाऱ्यांनो, हे पाच शब्द कळले की कोणी फसवणार नाही.' खाली पाच ओळी: बिल्टी म्हणजे नुसती पावती. 'टू पे' असेल तर वाटेतलं नुकसान घेणाऱ्याचं. 'ओनर्स रिस्क' छापलेलं असेल तर ट्रान्सपोर्टवाल्याकडे काही मागता येत नाही. परदेशातून माल 'सीआयएफ'वर घ्या, हातात पडेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. आणि भाडं लागतं ते फक्त वजनावर.

परवा नागपूरच्या वाडीत आमच्या ट्रान्सपोर्टच्या बुकिंगच्या खिडकीशी एक मुलगा हाच मेसेज दाखवून भांडत होता. बांबूच्या टोपल्या पुण्याच्या दुकानदाराला पाठवायच्या होत्या. "काका, इथं तर असं लिहिलंय, मग तुम्ही काऊन जास्त लावता?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

बिल्टी, म्हणजे माल बुक केल्यावर ट्रान्सपोर्टवाला देतो तो कागद, पावती आहेच, पण नुसती पावती नाही. किती नग, काय वजन, कोणाकडून कोणाला, काय भाड्याने, हा सगळा करार त्या कागदावर असतो. जुने व्यापारी घेणाऱ्याच्या रकान्यात 'सेल्फ' लिहून घेतात. पैसे खात्यात आले की बिल्टीच्या मागे सही-शिक्का करून ती खरेदीदाराकडे धाडतात, आणि मूळ बिल्टी दाखवल्याशिवाय गोदामातून नग सुटत नाही. नुसत्या पावतीत एवढी ताकद कुठून येणार? जहाजाच्या बिल ऑफ लेडिंगचं वजन तर याहून मोठं, तो मालावरच्या हक्काचा कागद. विमानाचा एअर वेबिल मात्र तसा नाही, तो सही करून दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

'टू पे' म्हणजे भाडं घेणारा देईल, 'पेड' म्हणजे पाठवणाऱ्याने आधीच दिलंय. बस्स. नुकसान कोणाचं, ते सौद्यात ठरतं. भाडं कोणाच्या खिशातून गेलं याच्याशी त्याचा संबंध नाही.

खरा घोळ 'ओनर्स रिस्क'चा, म्हणजे 'जोखीम मालकाची' या शिक्क्याचा. रस्त्याने माल नेण्याचा २००७ चा कायदा १८६५ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. तो म्हणतो, माल हरवला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा पाठवणाऱ्याने सिद्ध करायची गरज नाही. पूर, दंगल असे अपवाद आहेत, पण नुसत्या शिक्क्याने निष्काळजीपणा धुऊन निघत नाही. म्हणजे मागता येतं. किती, ते मात्र मेसेजवाल्याने सांगायला हवं होतं. मालाची किंमत लिहून जादा जोखमीचं भाडं भरलं नसेल, तर २०११ च्या नियमांप्रमाणे भरपाई भाड्याच्या दहापटीवर थांबते. ३०० रुपये भाड्याच्या डब्यात २५,००० चा माल असेल तर हातात जास्तीत जास्त ३,०००. म्हणून किंमत लिहा, नाहीतर वेगळा विमा काढा. आणि बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्या. माझ्या मेहुण्याच्या मिक्सरचे खोके एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात भिजले होते. तो आठ महिने फोनच करत राहिला, कागद एकही नाही. डिलिव्हरीच्या कागदावर 'नग ओला' एवढंही न लिहिता सही करून बसला होता. मी या धंद्यात असून माझ्याच घरात ही गत!

सीआयएफची ओळ तर सरळ उलटी आहे. सीआयएफ म्हणजे किंमत, विमा आणि भाडं. सौद्याचे असे शब्द पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे, त्यांना इन्कोटर्म्स म्हणतात. त्यांनी १९३६ मध्ये पहिल्यांदा काढले, २०२० च्या आवृत्तीत असे ११ आहेत. सीआयएफमध्ये पोहोचायच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा विकणारा भरतो, पण माल निघायच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम घेणाऱ्याची. तो विमाही किमान चालतो, आणि किमान विम्यात चोरी धरलेली नसते.

आपल्याकडे तर आणखी एक गंमत. एफओबी (विकणाऱ्याने माल जहाजावर चढवून द्यायचा) आणि सीआयएफ समुद्राचे शब्द, आणि नागपुरात बंदर कुठलं? तरी कोटेशनांवर 'एफओबी नागपूर' दिसतं. अजनीच्या डेपोत कंटेनर सोपवून एफओबी न्हावाशेवा लिहिलं, तर तिथे जहाजावर चढेपर्यंत, म्हणजे आठशेवर किलोमीटर, जोखीम तुमचीच. एफसीए (ठरल्या जागी माल वाहतूकदाराला सोपवणं) लिहून जागा म्हणून अजनी नमूद केलं, तर माल तिथे वाहतूकदाराच्या हाती दिल्यावर तुम्ही मोकळे. संत्र्याचा ट्रक बांगलादेशला जातो त्यात जहाजच नाही, तिथे एफसीए, सीपीटी (ठरल्या जागेपर्यंतचं भाडं विकणाऱ्याचं) नाहीतर डीएपी (ठरल्या जागी पोहोचवून देणं) लिहावं.

राहिलं वजन. त्या मुलाचा एक डबा काट्यावर ७ किलो भरला. टेप लावला: ६० बाय ५० बाय ४० सेंटीमीटर. विमानात हाच डबा घनसेंटीमीटरला ६,००० ने भागून २० किलोचा धरतात. जहाजात सुटा माल पाठवला तर एक घनमीटर की एक टन, जे जास्त भरेल त्यावर भाडं. रस्त्यावर दर घनफुटाला किलो ठरवतात, ते प्रत्येकाचे वेगळे, म्हणून आधी विचारायचं. ८ किलो धरले तर हा डबा ३४ किलोचा झाला. ट्रकमध्ये जागा विकली जाते, हवेलाही भाडं लागतं.

त्याने टोपल्या नुसत्या शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या. ओट्यावर बसून आम्ही त्या एकात एक रचल्या, सहा डब्यांचे दोन झाले. बिल्टीवर किंमत लिहिली. भाडं त्याने 'टू पे'च ठेवलं.