खुलासा : ‘जस्ट अनदर डायमंड डे’ घोडागाडीत ध्वनिमुद्रित झालेला नाही

इंग्रज गायिका वाश्ती बन्यन हिने ‘जस्ट अनदर डायमंड डे’ हा अल्बम घोडागाडीतून प्रवास करतानाच ध्वनिमुद्रित केला आणि त्याच्या टेप तीस वर्षांनी अचानक सापडल्या, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो बरोबर नाही. १९६८ मध्ये ती बेस नावाच्या घोडीच्या गाडीतून स्कॉटलंडमधील स्काय बेटाकडे निघाली होती आणि यातली बरीच गाणी त्या वाटेवर सुचली, एवढे खरे. मात्र ध्वनिमुद्रण १९६९ च्या अखेरीस लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत, जो बॉइड यांच्या निर्मितीखाली झाले. रॉबिन विल्यमसन, डेव्ह स्वारब्रिक आणि सायमन निकोल या वादकांची साथ, शिवाय रॉबर्ट कर्बी यांचे वाद्यसंयोजन असलेले हे काम एकटीने गाडीत उरकलेले असूच शकत नाही, आणि व्हायोलिन व बासरीचे सूर नीट ऐकले तरी ते कळते. अल्बम १९७० मध्ये फिलिप्स या ध्वनिमुद्रिका कंपनीने रीतसर प्रकाशित केला होता. तो फारसा खपला नाही आणि बन्यन संगीतापासून दूर गेली. २००० मध्ये झाले ते पुनःप्रकाशन. या वादकांचे श्रेय दंतकथेत हरवू नये, म्हणून हा खुलासा.