चारशेची वडी

दिगू सरांच्या मुलीनं पुण्याहून ऑरगॅनिक चॉकलेट आणलं होतं, ते सर कट्ट्यावर घेऊन आले. विन्यानं आधी किंमत वाचली.

"चारशे? एवढ्यात माझ्या दुकानातल्या पाचच्या ऐंशी वड्या येतील! चॉकलेट ते चॉकलेट."

"तुझ्या वडीच्या मागं वाच की," आबा म्हणाला. "कोको बटर न्हाई, वनस्पती तेल हाय. डालड्याला तूप म्हणून विकतोस लेका."

"गिऱ्हाईक मागतं ते देतो. तुला परवडत असंल तर खा तूप!"

सर मध्ये पडले. "पण आबा, ऑरगॅनिक म्हणजे सगळं शुद्ध असं नाही. 2022 मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी माल तपासणाऱ्या संस्थेनं अमेरिकेत 28 डार्क चॉकलेटं तपासली. रोज एक औंस खाल्लं तर शिसं किंवा कॅडमियम, हे विषारी धातू, मर्यादेपलीकडं जातील, अशी 23 निघाली. त्यात ऑरगॅनिकही होती."

विन्यानं मांडीवर थाप मारली. "बघा! लुबाडणूक!"

"कॅडमियम मुळातून झाडात चढतं, शिसं बिया वाळवताना धुळीतनं बसतं," सर म्हणाले. "फवारणीचा त्याच्याशी संबंध नाही."

"मग फवारणीचं बोलू," आबा म्हणाला. तासगावात द्राक्षवाल्यासमोर हा विषय काढायचा म्हणजे रात्र झाली. "फवारणीचा ब्लोअर, ट्रॅक्टरवरचा, आत्ता आला. आधी वीस वर्षं पंप माझ्या पाठीवर होता. युरोपला माल जायचा म्हटलं की रेसिड्यूची तपासणी. खाणाऱ्याच्या पोटात किती जाणार, ते मोजत्यात. माझ्या छातीत किती गेलं, ते कुणी मोजलं?"

यवतमाळचं 2017 कुणाला सांगायला लागलं नाही. फवारणी करता करता वीसहून जास्त माणसं गेली होती. कोकोच्या बागेतही किडीवर औषध मारणारा कुणीतरी असतोच, घानात असो की केरळात. मला आबाचंच पटतं. चारशे रुपये चवीसाठी जड वाटतील, पण त्या माणसाचा श्वास वाचत असेल तर मी देईन.

"म्हंजे ऑरगॅनिकवाले काहीच मारत न्हाईत?" विन्या.

"मारत्यात. करप्यावर आपण मारतो तेच बोर्डो, मोरचूद आणि चुना, तेबी मर्यादेत. आणि कोकोचं फूल चिलटागत बारीक माशीवर फळतं, ती कुजलेल्या पाल्यात वाढती. जहाल औषध मारलं तर माशीबी जाती. ऑरगॅनिकचा दाखला मिळेस्तोवर तीन वर्षं काढावी लागत्यात, चढा भाव न मिळता. चारशे का, ते त्यात हाय."

"पण मजुराला मजुरी किती मिळते, ते या शिक्क्यावरून कळत नाही," सर म्हणाले. आबानं मान हलवली. तेही खरंच.

एवढ्यात लक्षात आलं, वडीचे तीन चौकोन गायब. विन्या तोंड वाकडं करून चघळत होता.

"कडू हाय रे!"

"दिवाळीत माझा बेदाणा नेलास, त्याचे पैसे मागितले तवाबी तोंड असंच केलं होतंस!"

सरांना ठसका लागला. विन्या उठून दुकानाकडं निघाला. उरलेली वडी खिशात घालून.