मॅगझिन भरणारा मेजर

आज दिवसभर लीडरशिपचं ट्रेनिंग होतं. जेवणानंतर सगळे पेंगत असताना ट्रेनरने पडद्यावर 1947 मध्ये काश्मीरमध्ये लढलेल्या मेजर सोमनाथ शर्मांचा फोटो टाकला. खाली त्यांचा शेवटचा वायरलेस संदेश, एक इंचही मागे हटणार नाही, शेवटच्या माणसापर्यंत आणि शेवटच्या गोळीपर्यंत लढू. लगेच पुढची स्लाइड : ‘तुमची शेवटची गोळी कोणती?’ तर म्हणे या क्वार्टरचं टार्गेट! आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो!

मला अण्णा आठवले. माझे चुलते, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त. सातवीत असताना मी त्यांना शर्मांची बडगामची लढाई विचारली, तर तो संदेश त्यांनी सांगितलाच नाही. तीन सेलची बॅटरी आणली, माझा डावा हात उपरण्याने गळ्यात बांधला आणि म्हणाले, “भर आता एका हातानं.” बॅटरी गुडघ्यांत धरली, सेल टाकले, पण स्प्रिंग दाबून टोपण फिरवायचं कसं? तीनदा टोपण उडून अंगणात गेलं. “हे तीन सेल झाले,” अण्णा म्हणाले, “तिथं मॅगझिन होती, बंदुकीच्या गोळ्या भरायची पेटी, अन् वरनं गोळ्या चालू.”

3 नोव्हेंबर 1947. हॉकी खेळताना मोडलेला हात प्लास्टरमध्ये, तरी शर्मा हट्टाने कुमाऊं रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनमधल्या आपल्या कंपनीबरोबर काश्मीरला गेलेले. वय 24. (मी 24 व्या वर्षी काय करत होतो ते विचारू नका.) समोर सुमारे सातशे हल्लेखोर, पाठीमागे काही मैलांवर श्रीनगरचा विमानतळ. तो गेला असता तर कुमक उतरायची कुठे? हा माणूस गोळीबारात उघड्यावर पळत जाऊन आपल्या विमानांना खूण म्हणून जमिनीवर कापडाच्या पट्ट्या अंथरतो. माणसं पडत गेली, तशी एलएमजीवाल्यांची (हलक्या मशीनगनवाल्यांची) मॅगझिनं स्वतः भरून द्यायला लागतो. ते काम कुणी हलकं मानेल, पण त्या घडीला तेच हवं होतं. शेजारच्या दारूगोळ्यावर मॉर्टरचा (उखळी तोफेचा) गोळा पडून ते गेले, तेव्हाही ते त्याच कामात होते.

यातलं पट्ट्यांचं, मॅगझिनचं एक अक्षर त्या स्लाइडवर नव्हतं. संदेशाचं पोस्टर करता येतं, मॅगझिनमध्ये गोळ्या दाबून दुखणाऱ्या अंगठ्याचं काय करणार?

बरं, कबूल. त्या ट्रेनरमुळे हॉलमधल्या निम्म्या लोकांनी हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं असेल. आणि प्लास्टर घालून कंपनी कमांडरने जावं का, यावर फौजी लोकही वाद घालतील. घालू देत.

परमवीरचक्राचा फोटोही होता स्लाइडवर. त्या पदकाची रचना करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर, जन्माने स्विस, लग्नाने मराठी. पहिलं परमवीरचक्र गेलं ते त्यांच्या मुलीच्या दिराला, याच सोमनाथना. हे सांगायला तिथे वेळ कुणाला होता? चहा थंड होत होता ना.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. आता त्यांचे हात थरथरतात, बॅटरीचं टोपण नातू लावून देतो. सगळं तणतणत सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते गप्प होते. मग म्हणाले, “प्लास्टर कुठल्या हाताला होतं, सांगितलं का त्यानं?”

“नाही, अण्णा.”

“डाव्या,” म्हणाले, आणि मग पाऊस पडतोय का विचारलं.