ढोंग म्हणालात ते अर्धं बरोबर आहे, भाऊ

भाऊ, तुमची कमेंट दोनदा वाचली. मी ब्रॉयलर कोंबडी खाणं सोडलं असं लिहितो, लोकांना सोयावडीचा रस्सा करा म्हणतो, अन् लग्नात मात्र बोकडाच्या पंगतीत बसतो, म्हणून हे ढोंग आहे, असं तुमचं म्हणणं. वरून सोयाबीनमध्येही जीव असतेच म्हणता.

बोकडाचं खरं आहे, खातो.

पण ब्रॉयलर काऊन सोडला ते ऐका. तीन वर्षं माझ्या वावरात शेड होतं, पिल्लं अन् खाद्य कंपनीचं, लाईट अन् मेहनत माझी, किलोमागं ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवायची मजुरी. चाळीसेक दिवसात पक्षी दोन किलोचा होते, शेवटी शेवटी तर चार पावलं चालला की बसते, छाती तुसावर घासून लाल झालेली. मे महिन्यात एक दिवस भर दुपारी लाईट गेली, मी अन् बायको पोते ओले करून जाळीला बांधत होतो, तरी संध्याकाळी मेलेले घमेल्यानं काढले, मोजणं मधातच सोडलं. त्या रात्री पाहुणे होते, घरी कोंबडीच शिजली होती (योगायोग पहा), घास काही उतरला नाही. एवढंच कारण, तत्त्वज्ञान वगैरे नाही.

आता सोयाबीनचा जीव. आपण बाजार समितीत नेतो त्याचं तेल निघते अन् पेंड जाते कोंबडीच्या खाद्यात. किलोभर वजन वाढायला दीड किलोच्या वर खाद्य लागते, मंग सोयाबीन जास्त कोण खाते? वडी त्याच तेल काढलेल्या पिठाची, शंभर ग्रॅममध्ये 50 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन.

लॅबमध्ये जनावराच्या पेशींपासून वाढवलेल्या मटणाला तुम्ही श्रीमंतांचे चोचले म्हणता. 2013 मध्ये लंडनला असल्या मांसाचा जो बर्गर खाऊन दाखवला तो अडीच लाख युरोचा, त्यामुळं वाद घालत नाही. सिंगापूरनं 2020 मध्ये असं चिकन विकायला परवानगी दिली, आपल्या तालुक्यात येईस्तोवर पाटवडी रस्सा आहेच.

ढोंग शोधायचंच तर माझ्या चहातल्या दुधात शोधा, तुमच्याही. मागच्या पोळ्यानंतर गाईला गोऱ्हा झाला. ट्रॅक्टर आल्यापासून गावात जोडी कोणी घेत नाही, कापायला 2015 पासून बंदी, अन् रात्री मोकळा सोडला तर शेजाऱ्याची तूर खाईन. सध्या गोठ्यात कुटार खात उभा आहे. तुमच्याकडं वावर असन तर घेऊन जा, पैसे नको.