दीड तासाचा शाप

कॉलेज घरापासून २० मिनिटांवर असेल तर प्रश्नच नसतो, घरी राहायचं. रात्रभर ट्रेनने जावं लागत असेल तरी प्रश्न नसतो, बॅग भरायची आणि निघायचं. माझं कॉलेज निघालं बरोब्बर दीड तासावर. म्हणजे रोज जाता येतं, पण रोज गेल्यावर माणूस माणसात राहत नाही. हॉस्टेलचा फॉर्म भरायला १५ दिवस होते आणि बाबा म्हणाले, "निर्णय तुझा." आमच्याकडे हे वाक्य आलं की समजायचं, मीटिंग लांबणार.

बाबांनी लगेच एक्सेल उघडलं. हॉस्टेलच्या खाली डिपॉझिट, मेस, लॉन्ड्री, बादली (आणि तिच्यातला मग वेगळा). घराच्या खाली फक्त बसचा पास. मी म्हटलं, घरचं जेवण? तर म्हणे ते आपण धरत नाही. वायफाय? ते असतंच. मी गीझर लावून तासभर आंघोळ करते त्यावरून रोज भांडण होतं, ते? तेही धरायचं नाही. मग घर पहिलं येणारच ना, एकटंच तर पळतंय!

मग मीही हिशोब काढला. जायला दीड, यायला दीड, रोजचे ३ तास. आठवड्याचे ५ दिवस म्हणजे १५, आणि १६ आठवड्यांची सेमिस्टर धरली तर २४० तास. अख्खे १० दिवस आणि १० रात्री मी बसमध्ये! जेवताना सांगितलं तर बाबा शांतपणे म्हणाले, "बसमध्ये अभ्यास होतो की." बसमध्ये अभ्यास होतो म्हणणाऱ्यांना कायम खिडकीची सीट मिळालेली असते. एका हाताने वरचा दांडा धरून, पाठीला कुणाची तरी बॅग टोचत असताना इंटिग्रेशन करून दाखवा मग बोलू.

आई काहीच बोलत नव्हती, म्हणजे धोका. फक्त एकदा विचारलं, "आणि सकाळी तुला उठवणार कोण?" एक्सेलमध्ये याला रकानाच नव्हता.

शेवटी म्हटलं अनुभवी लोकांना विचारू. हॉस्टेलवाली सीनियर म्हणाली, अगं घरीच राहा, बाथरूमला लाइन असते, रूममेट रात्री २ वाजता व्हिडिओ कॉल करते, तिचं ब्रेकअप मला तिच्या बॉयफ्रेंडच्या आधी कळलं. घरून येणारी म्हणाली, वेडी आहेस का, हॉस्टेलच घे, जे काही मजेचं असतं ते संध्याकाळी ६ नंतर सुरू होतं आणि माझी बस साडेसहाची, ग्रुप प्रोजेक्टचं सगळं रात्री ११ ला कुणाच्या तरी रूमवर ठरतं आणि मला सकाळी एवढंच कळतं की प्रेझेंटेशन माझ्या गळ्यात पडलंय. एका बाबतीत मात्र दोघींचं एकमत. ८ च्या लेक्चरला सगळ्यात उशिरा हॉस्टेलवालेच येतात. वर्ग खिडकीतून दिसतो ना, म्हणून!

घरात ठाम मत असलेला माणूस एकच होता, माझा धाकटा भाऊ. पहिल्याच दिवशी तो मेजरिंग टेप घेऊन माझ्या खोलीत मापं घेत होता. काय करतोयस विचारलं तर म्हणे, "सहज."

शेवटच्या रात्री ११:४० ला मी फॉर्म भरला. हॉस्टेल. कारण विचाराल तर २४० तास वगैरे काही नाही, मी त्या फॉर्मवर पेन्सिलीने तिसऱ्यांदा 'घरी' लिहून खोडत असताना, सॉरी, ऑनलाइन होता, टिक करून काढत असताना आई मागून म्हणाली, "सारखं काय गं त्या मोबाईलमध्ये?" त्या तिरीमिरीत सबमिट दाबलं.

आठवड्याने लिस्ट लागली. फॉर्ममध्ये 'घरापासूनचं अंतर' असा एक बारीकसा रकाना होता, तो मी प्रामाणिकपणे भरला होता. रूम आधी लांबच्यांना. मी वेटिंग लिस्टवर, नंबर ४३. जो दीड तास बसमध्ये जन्मठेपेएवढा वाटतो तो हॉस्टेलच्या हिशोबात 'जवळ' असतो, हे आधी कुणी सांगितलं असतं तर १५ दिवसांची भांडणं वाचली असती.

बाबांनी एक्सेल सेव्ह केलं. आईने माझ्या मोबाईलवर ३ अलार्म लावून ठेवले. भावाने तोपर्यंत आपलं टेबल माझ्या खोलीत आणलं होतं, ते काही परत गेलं नाही. वेटिंग लिस्ट रोज सकाळी तोच बघतो. काल माझ्या बसची वेळ झाली होती, मी बूट घालत होते, तर आतून आनंदाने ओरडला, "ताई, ४१!"